पोरगी अजून शिकतेच आहे?



मागच्या रविवारी सकाळी आम्ही पेपर उघडून बसलो होतो, तोच दारात तिघे जण उभे राहिले. वाशीच्या बाजारात उभा जन्म माथाडीचे काम करून आता घरी बसलेले एक गृहस्थ, त्यांच्या पत्नी आणि धाकटी मुलगी. ओळख जुनी आहे. बाईंच्या तोंडावर पदर होता. चार वर्षांपूर्वी त्यांच्या गालाच्या आतल्या बाजूला कॅन्सर निघाला. ऑपरेशन झाले, जबड्याचा थोडा भाग काढावा लागला, पुढे शेक दिला. बाई वाचल्या, पण बोलणे तेव्हापासून जड झाले. लहानपणापासून मशेरी लावायची सवय होती, दुसरे काही कारण सांगावे लागत नाही.

चहा झाल्यावर गृहस्थांनी पिशवीतून दोन कागद काढून आमच्या पुढ्यात ठेवले. एक होता तुर्भ्याच्या एका औषध कंपनीचा. मुलीला महिना बावीस हजारांवर नोकरी. दुसरा होता एका संशोधन संस्थेचा. मुलगी एम.एस्सी. झालेली, नेटची परीक्षा पास झालेली, मुलाखतही झालेली. आता पीएच.डी.साठी निवड झाल्याचे पत्र आले होते. विषय कॅन्सरचा.

गृहस्थ म्हणाले, "साहेब, तुम्ही चार अक्षरं लिहिता, तुम्हीच सांगा. आमच्या चाळीत जो तो इचारतो, पोरगी अजून शिकतेच आहे? तिच्या बरोबरीच्या पोरींची पोरं शाळेत जायला लागली. आता ही म्हणते अजून पाच वर्सं. ही डॉक्टर होणार म्हणजे पेशंट तपासणार का? आणि पाच वर्सं फी कुठनं भरायची?"

खरे सांगतो, आम्ही त्यांना पहिले उत्तर चुकीचे दिले. आम्ही म्हणालो, "नोकरी हातची सोडू नये. डोक्यावर कर्ज आहे, पीएच.डी. काय मागाहूनही करता येते." मुलगी काही बोलली नाही. तिने कागद उचलून पिशवीत ठेवले. बाईंनी मात्र पदर जरा बाजूला केला आणि सावकाश म्हणाल्या, "आधी माहिती तर घ्या."

आम्हाला लाज वाटली. आठवडाभर आम्ही माहिती घेतली, चौघांना विचारले, मुलीला पुन्हा बोलावून घेतले. जे कळले ते आज येथे मांडतो आहोत. आपल्या घरांतून आता बी.एस्सी., एम.एस्सी. झालेल्या मुलामुलींची संख्या काही थोडी नाही. हा प्रश्न उद्या तुमच्याही दारात येईल.

आधी "डॉक्टर" या शब्दाचा घोळ निस्तरू. दवाखान्यात बसणारा डॉक्टर एम.बी.बी.एस. होतो, रोग्याला तपासतो, औषध लिहून देतो. पीएच.डी.चा डॉक्टर वेगळा. तो एकच प्रश्न हाती घेतो आणि पाच-सहा वर्षे त्याच्या मागे लागतो. आजवर कोणालाच ठाऊक नसलेली एखादी गोष्ट, मग ती कितीही लहान असो, त्याने पुराव्यानिशी दाखवून द्यावी लागते. तेव्हा ही पदवी मिळते. बाबासाहेबांनी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातून मिळवलेली डॉक्टरेट याच जातीची होती. त्यांचा विषय अर्थशास्त्र होता, या मुलीचा पेशींचा आहे, एवढाच फरक.

तिच्या विषयाला "ट्रान्सलेशनल कॅन्सर रिसर्च" म्हणतात. नाव अवघड आहे, काम समजायला सोपे आहे. एका टोकाला प्रयोगशाळेचे टेबल आहे. तेथे शास्त्रज्ञ सूक्ष्मदर्शकातून पेशी पाहतो. दुसऱ्या टोकाला वॉर्डातली खाट आहे. तेथे आपली आई, आपला भाऊ पडलेला असतो. टेबलावर सापडलेली गोष्ट खाटेपर्यंत पोचवणे आणि खाटेवरच्या माणसाला जे झाले त्याचे कोडे पुन्हा टेबलावर नेणे, ही जी ये-जा, तिला ट्रान्सलेशनल संशोधन म्हणायचे. हे संशोधन करणाऱ्याला दोन्हीकडची भाषा यावी लागते.

ही वाट किती लांब असते ते एका उदाहरणावरून पाहू. रक्ताच्या कॅन्सरचा एक प्रकार आहे, त्याला सी.एम.एल. म्हणतात. १९६० साली अमेरिकेतल्या फिलाडेल्फिया शहरात पीटर नॉवेल आणि डेव्हिड हंगरफोर्ड या दोघांना अशा रोग्यांच्या पेशींत एक गुणसूत्र नेहमीपेक्षा आखूड दिसले. ते तसे का, हे कळायला तेरा वर्षे गेली. १९७३ साली जॅनेट राउली या बाईंनी दाखवले, की बाविसाव्या गुणसूत्राचा तुकडा नवव्याला आणि नवव्याचा बाविसाव्याला जाऊन चिकटला आहे. पुढे इतरांनी शोधले, की या अदलाबदलीतून एक भलतेच प्रथिन तयार होते. ते पेशीला थांबूच देत नाही, सारखे वाढायला लावते. मग त्या प्रथिनाला कुलूप लावणारे औषध शोधले गेले. डॉ. ब्रायन ड्रकर यांनी १९९८ साली ते रोग्यांना देऊन पाहायला सुरुवात केली आणि २००१ साली अमेरिकेत त्याला मंजुरी मिळाली. हेच इमॅटिनिब. पहिल्या आखूड गुणसूत्रापासून गोळीपर्यंत एकेचाळीस वर्षे! या एकेचाळीस वर्षांत किती पीएच.डी.चे विद्यार्थी खपले असतील, त्यांची नावे कुणाला ठाऊक नाहीत. पण ज्या रोगाने माणूस काही वर्षांत जायचा, त्या रोगाचा माणूस आज गोळी घेऊन कामावर जातो.

आणि गोष्ट तिथे संपत नाही. मूळ कंपनीची गोळी आपल्या देशात महिन्याला सुमारे सव्वा लाखाच्या घरात जात होती. आपल्याकडच्या कंपन्यांची तीच गोळी आठ-दहा हजारांत मिळे. मूळ कंपनीने पेटंट मागितले. मुंबईच्या कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन या संस्थेने त्याला विरोध केला. १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पेटंट नाकारले. औषध शोधणे हे अर्धे काम झाले, ते गरिबाच्या हातात पडणे हे उरलेले अर्धे. हा हिशेब ज्याला घरातच शिकायला मिळाला, असा माणूस प्रयोगशाळेत असला पाहिजे, असे आम्हाला आता वाटते.

कुणी म्हणेल, या सगळ्या अमेरिकेच्या गोष्टी झाल्या. तर आता आपल्या दारातल्या गोष्टी ऐका.

१९९८ पासून परळच्या टाटा रुग्णालयाच्या डॉ. सुरेंद्र शास्त्री यांनी मुंबईच्या झोपडपट्ट्यांत एक मोठे काम केले. ३५ ते ६४ वयाच्या सुमारे दीड लाख स्त्रिया त्यात होत्या. गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर लवकर ओळखायला महागडी यंत्रे लागतात, ती वस्तीत कोठून आणणार? त्यांनी व्हिनेगर वापरले, म्हणजे चार टक्के ॲसेटिक ॲसिड. ते लावले की बिघडलेला भाग पांढरा दिसू लागतो. ही तपासणी करणाऱ्या बायाही डॉक्टर नव्हत्या. दहावीपर्यंत शिकलेल्या बायांना शिकवून तयार केले होते. एवढ्याने त्या कॅन्सरचे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले. २०१३ साली हा निकाल अमेरिकेतल्या कॅन्सर तज्ज्ञांच्या मोठ्या परिषदेत मांडला गेला आणि जगभर त्याची चर्चा झाली.

त्याच सुमारास उस्मानाबाद जिल्ह्यात, म्हणजे आजच्या धाराशिवमध्ये, १,३१,७४६ खेड्यांतल्या स्त्रियांवर दुसरा अभ्यास झाला. बार्शीचे नर्गिस दत्त रुग्णालय त्यात होते. या कॅन्सरला एच.पी.व्ही. नावाचा विषाणू कारण असतो. हे जर्मनीच्या हॅराल्ड त्सूर हाउसेन यांनी प्रयोगशाळेत शोधले आणि त्यांना २००८ साली नोबेल मिळाले. या विषाणूची तपासणी आयुष्यात एकदा जरी केली, तरी मृत्यू जवळजवळ निम्म्याने घटतात, हे उस्मानाबादच्या बायांमुळे जगाला कळले. २००९ साली ते प्रसिद्ध झाले. याच विषाणूवरची आपल्या देशात बनलेली पहिली लस पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने जानेवारी २०२३ मध्ये बाजारात आणली. म्हणजे जर्मनीतले टेबल, धाराशिवची खेडी आणि पुण्याचा कारखाना एकाच वाटेवर आले!

पण वाचकहो, नाण्याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. या दोन्ही अभ्यासांत काही स्त्रियांची तपासणी केली आणि काहींची केली नाही. त्यांना फक्त रोगाची माहिती दिली. दोन्हींची तुलना केल्याशिवाय शास्त्राला उत्तर मिळत नाही, हे खरे. पण ज्यांची तपासणी झाली नाही, त्यातल्या काही जणी या रोगाने गेल्या, हेही खरे. यावर देशात आणि परदेशात कडक टीका झाली. गरीब वस्तीतल्या बायांवर असा प्रयोग करावा का? अभ्यास करणाऱ्यांचे म्हणणे असे, की त्या वेळी या बायांना तशीही कुठलीच तपासणी मिळत नव्हती. वाद अजून मिटलेला नाही. आम्ही येथे न्यायाधीश नाही. आमचे म्हणणे एवढेच, की हा वाद ज्या खोलीत होतो, त्या खोलीत ज्यांच्या आया-बहिणी त्या वस्तीत राहत होत्या, असे कोणी बसलेले असावे.

यावरून आठवले. हे आम्हाला त्या मुलीनेच सांगितले. तिच्या आईच्या ऑपरेशनच्या आदल्या दिवशी एका कागदावर सही घेतली. कागद इंग्रजीत होता, समजावून कोणी सांगितले नाही. मुलगी तेव्हा बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होती, ती घरी धाकट्या भावाचे पाहत होती. नंतर तिने घरी कागदाची प्रत वाचली. त्यात लिहिले होते, की काढलेल्या गाठीचा उरलेला भाग संशोधनासाठी ठेवायला संमती आहे. आई म्हणाली, "मला वाटलं भूल द्यायचा कागद असंल."

अशीच एक गोष्ट अमेरिकेत झाली. हेन्रिएटा लॅक्स नावाची एक काळी बाई, तंबाखूच्या शेतात राबलेली, पाच मुलांची आई. १९५१ साली ती गर्भाशयमुखाच्या कॅन्सरने बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात दाखल झाली. तिच्या गाठीचा तुकडा तिला न विचारता घेतला गेला. डॉ. जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत त्या पेशी वाढू लागल्या, त्या थांबल्याच नाहीत. बाई त्याच वर्षी एकतिसाव्या वर्षी वारली. तिच्या पेशी आजही जगभरच्या प्रयोगशाळांत वाढत आहेत. पोलिओच्या लसीच्या चाचणीपासून कितीतरी कामे त्यांच्यावर झाली. कंपन्यांनी त्या पेशी विकल्या, आणि घरच्यांना वीस वर्षे पत्ता नव्हता. २०२३ साली कुठे एका मोठ्या कंपनीने त्या कुटुंबाशी तडजोड केली.

याच डॉ. गाय यांच्या प्रयोगशाळेत आपल्या पुण्याच्या डॉ. कमल रणदिवे यांनी काम केले होते. १९४९ साली मुंबई विद्यापीठातून डॉ. खानोलकर यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी पीएच.डी. मिळवली, मग अमेरिकेला जाऊन पेशी वाढवण्याचे तंत्र शिकल्या आणि परत येऊन मुंबईत कॅन्सर संशोधनासाठी पेशी वाढवण्याची प्रयोगशाळा उभी केली. पुढे त्यांना पद्मभूषण मिळाले. स्त्री शास्त्रज्ञांची संघटना १९७३ साली त्यांनीच काढली. पंच्याहत्तर वर्षांपूर्वी एक मराठी बाई हे करू शकली, तेव्हा "मुलीच्या जातीला हे कशाला" असे म्हणणाऱ्यांनी जरा थांबावे.

आज संमतीचे नियम कडक झाले आहेत. रोग्याच्या भाषेत कागद हवा, तो समजावून सांगायला हवा, नाही म्हणायची मोकळीक हवी आणि नाही म्हटले तरी उपचारात फरक पडता कामा नये. तुमच्यापुढे असा कागद आला तर बेधडक विचारा, "यात काय लिहिले आहे? माझ्या गाठीचे काय करणार?" आणि समजल्यावर पटले तर जरूर द्या. तो तुकडा नसेल तर संशोधन होणार नाही.

आता मूळ प्रश्न. पैसा आणि प्रवेश.

त्या गृहस्थांना वाटत होते, की पीएच.डी. म्हणजे पाच वर्षे पैसे भरायचे. आपल्यातल्या पुष्कळ जणांना असेच वाटते. गंमत अशी, की नेटमधून जे.आर.एफ. मिळालेल्याला सरकारच दरमहा विद्यावेतन देते. १ जानेवारी २०२३ पासून ते पहिली दोन वर्षे महिना ३७,००० रुपये आणि काम समाधानकारक असेल तर पुढची तीन वर्षे ४२,००० रुपये आहे. वसतिगृह नसेल तर घरभाडे भत्ता वेगळा. संस्थेची थोडी फी असते, ती यातूनच भागते. हे ऐकल्यावर गृहस्थांनी आमच्याकडे आणि मग मुलीकडे पाहिले. मुलगी म्हणाली, "पप्पा, मी तीनदा सांगितलं." आपण मुलींचे बोलणे कानांनी ऐकतो, मनाने ऐकत नाही, दुसरे काय!

वाट अशी आहे. बारावी शास्त्र, मग जीवशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र, जीवरसायन किंवा बायोटेक्नॉलॉजीत बी.एस्सी. आणि एम.एस्सी. त्यानंतर सी.एस.आय.आर.-यू.जी.सी. नेट, विषय लाइफ सायन्सेस. एम.एस्सी.ला सर्वसाधारण गटाला ५५ टक्के लागतात, अनुसूचित जाती-जमातींना ५० टक्के. जे.आर.एफ.च्या वयोमर्यादेत पाच वर्षांची सूट आहे. चुकीच्या उत्तराला गुण कापतात, म्हणून अंदाजपंचे लिहून चालत नाही. केंद्राच्या बायोटेक्नॉलॉजी विभागाची परीक्षा वेगळी असते. शिवाय संस्था आपापली लेखी परीक्षा किंवा मुलाखत घेतात.

संस्था आपल्या जवळ आहेत. खारघरला ॲक्ट्रेक आहे. टाटा रुग्णालय १९४१ साली सुरू झाले आणि संशोधनाचे केंद्र १९५२ साली. १९६६ साली दोन्ही एका छत्राखाली, टाटा मेमोरियल सेंटरमध्ये आली. संशोधनाची संस्था २००२ साली खारघरला गेली. तेथे प्रयोगशाळा आणि रुग्णालय एकाच आवारात आहेत. पदवी होमी भाभा नॅशनल इन्स्टिट्यूटची मिळते. पुण्याला नॅशनल सेंटर फॉर सेल सायन्स आणि आयसर आहेत, पवईला आय.आय.टी. आहे. रोग्याच्याच रक्तातल्या टी-पेशी बाहेर काढून, त्यांना कॅन्सर ओळखायला शिकवून परत सोडायच्या, असा एक उपचार पवईच्या आय.आय.टी.त डॉ. राहुल पुरवार यांच्या प्रयोगशाळेत पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांनीही खपून तयार केला. २०२१ साली तो ॲक्ट्रेकमध्ये पहिल्या रोग्याला दिला गेला, २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये मंजुरी मिळाली आणि ४ एप्रिल २०२४ रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. परदेशात याचा खर्च काही कोटींत जातो. येथे तो त्याच्या सुमारे दहाव्या हिश्श्यात होतो. तरीही लाखांच्या घरातच. वाट अजून अर्धीच झाली आहे, असे समजा.

नेटमध्ये जे.आर.एफ. हुकली, तरी निराश होऊ नये. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी केंद्राची राष्ट्रीय फेलोशिप आहे, महाराष्ट्रात पुण्याची बार्टी संशोधकांना अधिछात्रवृत्ती देते. परदेशी जायचे असेल तर केंद्राची नॅशनल ओव्हरसीज स्कॉलरशिप आणि राज्याची राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती आहे. जागा आणि अटी वर्षागणिक बदलतात, तेव्हा त्या वर्षीची जाहिरात नीट वाचावी. आणि कागद! जातीचा दाखला केंद्राच्या नमुन्यातला वेगळा काढून ठेवावा. १९९० च्या कायद्याने बौद्धांना केंद्रातही अनुसूचित जातीच्या सवलती मिळाल्या, हे खिडकीवरच्या कारकुनालाही कधी कधी समजावून सांगावे लागते. वैधता प्रमाणपत्र, उत्पन्नाचा दाखला, रहिवास, सगळे एका फाइलीत ठेवावे. एका कागदासाठी वर्ष गेलेली मुले आम्ही पाहिली आहेत.

आता या कामातले कष्ट सांगतो, म्हणजे मागून कोणी आम्हाला दोष देणार नाही.

प्रयोगशाळेतले काम घड्याळ पाहून होत नाही. पेशी ३७ अंश उष्णतेत वाढवायच्या, दर दोन-तीन दिवसांनी त्यांचे अन्न बदलायचे. त्यांना रविवार नसतो आणि सणही नसतो. जरा बुरशी लागली तर महिन्याची मेहनत कचऱ्यात. गाठीचे नमुने उणे ८० अंशांच्या फ्रीझरमध्ये किंवा द्रव नायट्रोजनमध्ये ठेवतात. वीज गेली तर रात्री धावपळ. दहा प्रयोग केले तर सात-आठ फसतात, आणि फसलेला प्रयोग कोणी छापत नाही. तीन वर्षांपूर्वी कोणी आपला प्रश्न परदेशात आधीच सोडवला, असेही होते. नियमाप्रमाणे पीएच.डी.ची मुदत कमीत कमी तीन वर्षे आणि साधारण सहा वर्षे आहे. या विषयात पाच-सहा लागतातच.

मुलीच्या आजीने एक प्रश्न केला, तोही सांगतो. "तिथं उंदरं मारत्यात म्हणे. पाणातिपाता आपण रोज म्हणतो, मग?" प्रश्न टाळण्यासारखा नाही. होय, काही कामांत उंदीर वापरावे लागतात. त्यासाठी समितीची परवानगी लागते, संख्या कमीत कमी ठेवावी लागते, वेदना होऊ न देण्याचे नियम असतात. जिथे पेशींवर भागते तिथे उंदीर घेता येत नाहीत. काही विद्यार्थी असा विषय घेतात, की ज्यात प्राणी लागतच नाहीत, फक्त रोग्यांच्या गाठींचे नमुने आणि संगणक. ज्याच्या मनाला लागते त्याने मार्गदर्शकाला पहिल्याच दिवशी विचारावे. विचारण्यात कमीपणा नाही.

मार्गदर्शक कसा मिळतो यावर निम्मी पीएच.डी. ठरते. होकार देण्याआधी त्याच्याकडच्या जुन्या विद्यार्थ्यांशी बोलावे. किती जण पूर्ण झाले, किती वर्षांत, किती सोडून गेले? आपल्या मुलांना मुलाखतीत आडनाव, रँक, कोट्यातली जागा यांवरून आडून बोलणारे भेटतात, हे काही नवीन नाही. अशा वेळी एकटे कुढू नये. संस्थेत तक्रारीची सोय असते, अनुसूचित जाती-जमाती कक्ष असतो, वरच्या वर्गातली आपली मुले असतात. आणि घरी फोन करावा. घरच्यांनीही त्या फोनवर "मग सोडून ये" असे एकदम म्हणू नये आणि "सहन कर" असेही म्हणू नये. आधी ऐकून घ्यावे.

विद्यावेतनाची एक अडचण आहे. काही ठिकाणी पहिले पैसे हातात पडायला तीन-चार महिने लागतात, मागूनही कधी रखडतात. ज्या घरात आईच्या ऑपरेशनच्या कर्जाचा हप्ता दर महिन्याला द्यायचा आहे, तिथे चार महिने म्हणजे फार झाले. या घरापुढचा खरा अडसर हाच होता, लग्न वगैरे सगळे बोलायचे मुद्दे. आणि पीएच.डी. झाली की नोकरी ठेवलेलीच आहे, असेही नाही. पुढे दोन-तीन वर्षे पोस्ट डॉक्टरेट करावी लागते, मग संस्था, कॉलेज, औषध कंपन्या, रुग्णालयांच्या प्रयोगशाळा अशा वाटा आहेत. पण जागा थोड्या. हे ठाऊक असूनच आत शिरावे.

लग्नाचे म्हणाल तर पीएच.डी. करताना लग्न करता येते. मुलींना बाळंतपणासाठी, बालसंगोपनासाठी २४० दिवसांपर्यंत रजेची तरतूद आहे, मुदतही वाढवून मिळते. स्थळ पाहताना मुलाला एवढेच विचारावे, की रात्री दहा वाजता प्रयोगशाळेतून आलेल्या बायकोला तू जेवायला वाढशील का? उत्तरावरून बाकीचे कळते.

तर आठवड्याने तिघे पुन्हा आले. आम्ही आमचा आधीचा शब्द मागे घेतला आणि जे वर लिहिले ते त्यांना सांगितले. हप्त्याची गोष्ट निघाल्यावर सगळे गप्प झाले. मग बाईच म्हणाल्या, की त्यांच्या बचत गटाच्या बायांना त्यांनी आधीच विचारले आहे. सहा महिन्यांचे हप्ते गट उचलेल, विद्यावेतन सुरू झाले की मुलगी फेडेल. गटातल्या दोघी जणींच्या नणंदा, सासवा याच रोगाने गेल्या आहेत. त्यांनी कारण विचारले नाही.

गृहस्थ म्हणाले, "अगं, मला आधी का नाही बोललीस?"

बाई म्हणाल्या, "तुम्ही साहेबाला इचारत होता ना."

आम्ही खाली मान घातली. मग त्या पदर सावरत, एकेक शब्द जुळवत म्हणाल्या, "माझ्या गालाचा तुकडा कुठल्यातरी बर्फाच्या पेटीत हाय म्हणते ही. माझ्यासारख्या किती जणींचा असंल. त्या पेटीपाशी आपलं कुणीतरी असलेलं बरं."

मुलगी येत्या महिन्यात रुजू होते आहे. तिचा विषय ठरायला अजून अवकाश आहे, पण तिला तोंडाच्या कॅन्सरवरच काम करायचे आहे. आपल्या देशातल्या पुरुषांत हा कॅन्सर सगळ्यांत जास्त आढळतो, आणि त्याचे मुख्य कारण तंबाखू. तेव्हा तिचे संशोधन पूर्ण होईपर्यंत तुम्ही-आम्ही एक काम करू शकतो. घरातली मशेरीची डबी आणि खिशातली पुडी आजच बाहेर टाका. तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा, तीन आठवड्यांत न भरणारी जखम, तोंड पूर्वीइतके न उघडणे, यातले काही दिसले तर दुखत नाही म्हणून थांबू नका, दवाखान्यात जाऊन दाखवा.

आणि चाळीत कोणाची मुलगी दप्तर घेऊन जाताना दिसली, तर "अजून शिकतेच आहे?" असे विचारण्याऐवजी "काय शिकते आहेस?" असे विचारा. ती सांगेल. ऐकायला मात्र थोडा वेळ काढा.